उजनीच्या पाण्याखालचा भूगोल : भीमाकाठच्या बुडालेल्या गावांचा इतिहास

१/ सोलापूर शहराच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग उजनी जलाशयातून येतो. त्या जलाशयाच्या तळाशी गावठाणे आहेत, देवळे आहेत, विहिरी आहेत आणि एका लोहमार्गाची जुनी वाटही आहे. करमाळा आणि इंदापूर या दोन तालुक्यांमधील या बुडालेल्या, आणि पुढे काठावर नव्याने वसलेल्या गावांचा भूगोल व इतिहास या धाग्यात मांडत आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभ नदीपासून करू. भीमा भीमाशंकरजवळ सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे ८६१ किलोमीटरचा प्रवास करून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, माण आणि सीना या तिच्या प्रमुख उपनद्या. यांतील बहुतेकींचे पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाचे आहे. सोलापूर जिल्हा मात्र पर्जन्यछायेत येतो. म्हणजे नदी दुसऱ्यांच्या पावसावर भरते आणि कोरड्या मुलखातून वाहत जाते. पुढे जे जे घडले, त्याचे मूळ या एका विसंगतीत आहे.

३/ करमाळा हा जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. त्याच्या एका अंगाला भीमा आणि दुसऱ्या अंगाला सीना. दोन्ही नद्यांच्या काठी काळी, कसदार जमीन. मध्ये मुरमाड माळ. भीमेच्या पलीकडे इंदापूर तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. दोन जिल्ह्यांची सीमा नदीच्या पात्रातून आखलेली होती. आज ते पात्र जलाशयाच्या पोटात आहे. त्यामुळे नकाशावरची सीमारेषा कोणालाही न दिसणाऱ्या नदीच्या वळणांनी जाते.

४/ जुनी गावे नेमकी कोठे वसत, हे समजण्यासाठी मराठी ग्रामव्यवस्थेतील दोन शब्द पुरेसे आहेत : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे बांधली जात, पडत आणि त्यांच्याच मातीवर पुन्हा उभी राहत; राख आणि चुनखडीमिश्रित पांढुरकी माती साचून तिचा उंचवटा होई. काळी म्हणजे शेतीची जमीन. गाव म्हणजे या दोहोंचा जोड. जुन्या कागदपत्रांत, ग्रामदैवतांच्या संदर्भात आणि बोलीतही ही जोडी भेटते.

५/ भीमाकाठी पांढरीची जागा निवडताना आपल्या पूर्वजांना तीन गोष्टी साधायच्या होत्या. पुराचे पाणी घरात येता कामा नये, म्हणून वस्ती उंच दरडीवर. उन्हाळ्यातही पाणी जवळ हवे, म्हणून नदीच्या डोहाशेजारी. आणि पलीकडच्या गावाशी ये-जा हवी, म्हणून जेथे पात्र उथळ होते त्या उताराच्या आसपास. नदीकाठच्या जुन्या गावांच्या जागा या तीन कसोट्या लावून पाहिल्या, की त्यांच्यामागचे शहाणपण उलगडते.

६/ या खोऱ्यातील वस्ती किती प्राचीन? भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे दीर्घकाळ उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. ते लोक सातू पिकवत, आणि नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खोदला होता. अखेरच्या काळात हवामान अधिक शुष्क झाले, शेती खालावली आणि वस्ती उठली, असे संशोधकांनी मांडले आहे. दुष्काळ आणि स्थलांतर या खोऱ्यात तीन हजार वर्षांपूर्वीही होते.

७/ मध्ययुगात हाच नदीकाठ देवळांनी गजबजला. नीरा आणि भीमेच्या संगमावर नरसिंगपूर. त्याखाली चंद्रकोरीच्या वळणावर पंढरपूर. सीना-भीमेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल, जेथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक शिलालेख आहे. पंढरपूर आणि कुडल यांच्या दरम्यान माचणूर, जेथे औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे होती. उजनीच्या वरच्या अंगाला, इंदापूर तालुक्यात, पळसदेवचे पळसनाथ मंदिर याच परंपरेतले. फरक इतकाच, की वरील सर्व स्थळे आपण आज पाहू शकतो. पळसनाथाचे जुने देऊळ मात्र पाण्याच्या मर्जीनेच दिसते.

८/ धरणापूर्वी नदी दोन तालुक्यांना तोडणारी नव्हती, जोडणारी होती. उन्हाळ्यात उतारावरून माणसे, बैलगाड्या आणि गुरे पलीकडे जात. पावसाळ्यात भोपळ्यांची सांगड किंवा गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून नदी ओलांडण्याची रीत भीमाकाठी होती. कोळी आणि भोई समाजाच्या हाती नाव आणि जाळे असे. समोरासमोरच्या गावांत सोयरिकी होत, आठवडी बाजार एकमेकांचे असत. जिल्हा बदलत होता, पण रोजचे जगणे बदलत नव्हते.

९/ एकोणिसाव्या शतकात येथे लोखंडी रस्ता आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून निघून १८५८ च्या अखेरीस भीमेच्या काठावरील डिकसळपर्यंत पोहोचला आणि १८६० मध्ये सोलापूरला. डिकसळजवळ भीमेवर दगडी पूल बांधला गेला. सोलापूरच्या गिरण्यांना १८७७ पासून जी भरभराट आली, तिच्यामागे या मार्गाचा वाटा मोठा आहे. उजनीचे पाणी चढणार हे निश्चित झाल्यावर हा लोहमार्गच हलवावा लागला. आज पुण्याहून सोलापूरला येणारी गाडी जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे अशा स्थानकांवरून जेऊरला येते, तो हा नवा मार्ग. जुना रेल्वे पूल पुढे दोन तालुक्यांमधील रस्त्यासाठी वापरात राहिला. अलीकडे त्याचा काही भाग ढासळलाही.

१०/ मग धरण कशासाठी? उत्तर दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्याआधीच, १८७१ मध्ये, सोलापूरजवळ एकरूख तलाव पूर्ण झाला होता. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. पुढे आष्टीचा तलाव झाला. पण हे तलाव स्थानिक पावसावर भरणारे होते, आणि स्थानिक पाऊस तर भरवशाचा नव्हताच. घाटमाथ्याचे पाणी भीमेतच अडवावे, हा विचार त्यातून बळावला. धरणाचे काम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ पडला. तो पाहिलेल्या पिढीला धरणाची निकड पटवून द्यावी लागली नाही.

११/ १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ते माढा तालुक्यात उजनी गावाजवळ आहे. जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या स्मरणार्थ यशवंतसागर हे नाव देण्यात आले. एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातील उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी आणि मृतसाठा सुमारे ६३.५ टीएमसी. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी कालव्यांच्या तोंडाखाली राहते. हा आकडा लक्षात ठेवा; पुढे त्याचे काम पडेल.

१२/ येथे भूरचनेचा मुद्दा येतो. डोंगरी भागात दरी अरुंद आणि खोल असते; तेथे उंच भिंत घातली, तरी बुडणारी जमीन तुलनेने कमी. भीमेचे खोरे दख्खनच्या पठारावर रुंद आणि उथळ आहे. सुमारे ५६ मीटर उंचीच्या धरणाने येथे पाणी दूरवर पसरवले. ते केवळ नदीच्या पात्रात राहिले नाही. प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक नाल्यात आत शिरले. म्हणून उपग्रहाच्या चित्रात उजनी एखाद्या पसरलेल्या पंजासारखी दिसते आणि कुगावसारखी गावे पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या जिभांवर आढळतात. बुडाली ती नेमकी काळी. उरला तो माळ.

१३/ पाण्याने भरलेली दरी आणि तिच्या काठावरची विखुरलेली गावे, असा भूगोल जगात अन्यत्रही आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप नॉर्वेचे फ्योर्ड. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले आणि डोंगर व पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्त्या झाल्या. उत्तरेकडील फ्योर्डकाठी सामी हे तेथील मूळ रहिवासी मासेमारी, थोडी शेती आणि पशुपालन करून राहत आले. पोर्सांगर या नगरपालिकेचे नाव आज नॉर्वेजियन, सामी आणि क्वेन अशा तीन भाषांत लिहिले जाते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर घेत वाढलेल्या सोलापूरकराला यात नवल वाटणार नाही. मात्र तेथे नाव टिकवण्यासाठी झगडावे लागले : कोफ्योर्ड येथे सामी नावाच्या रस्त्यावरील पाटीवर १९९० च्या दशकात गोळ्या झाडल्या गेल्या.

१४/ आणि तेथेही एक धरण आहे. अल्टा फ्योर्डला मिळणाऱ्या नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याच्या मूळ योजनेत मासी हे सामी गाव बुडणार होते. १९७० च्या दशकातच गाव योजनेतून वगळले गेले, पण नदीसाठीचा लढा थांबला नाही. १९७९ मध्ये ओस्लोत संसदेसमोर सामी तरुणांनी उपोषण केले. जानेवारी १९८१ मध्ये शेकडो पोलिसांनी आंदोलकांना हटवले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि १९८७ मध्ये धरण झाले. तरीही आंदोलकांचे श्रम वाया गेले नाहीत. त्या मंथनातून १९८७ चा सामी कायदा आला आणि १९८९ मध्ये सामी संसद स्थापन झाली.

१५/ ‘असे लढे परदेशात होतात’ असे म्हणण्याचे कारण नाही. अल्टाच्या साठ वर्षे आधी, १९२१ मध्ये, याच भीमा खोऱ्यात मुळशीचा सत्याग्रह झाला. मुळा नदीवरील टाटांच्या धरणाविरुद्ध विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी मावळ्यांची बाजू लढवली. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. मुळशीचे धरण झाले आणि गावे गेली. धरण आणि विस्थापन हा वाद या खोऱ्यात नवा नव्हता. उजनीच्या वेळी त्याला अर्धशतक होऊन गेले होते.

१६/ कायद्याची चौकट पाहू. उजनीसाठी भूसंपादन सुरू झाले तेव्हा आधार होता १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा. त्यात मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला तो १९७६ मध्ये, म्हणजे धरणाची भिंत उभी राहत असताना. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांची काही जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावी, हे त्याचे तत्त्व. पुढे १९८६ आणि १९९९ चे कायदे आले. तत्त्व न्याय्य होते. पण मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरून होतो. ज्याची उपजीविका नदीवर, गावकीच्या कामावर किंवा दुसऱ्याच्या शेतावर होती, त्याच्या नुकसानीला कागदावर रकाना नव्हता.

१७/ गाव उठते तेव्हा घरांइतकेच आणखी काही मोडते. बारा बलुत्यांची व्यवस्था आधीच क्षीण झाली होती. विस्थापनाने तिचे उरलेसुरले धागे तुटले. कोणी नव्या गावठाणात गेले, कोणी लाभक्षेत्रातल्या परक्या गावात, कोणी पुण्याकडे. करमाळा तालुक्यातील गावांच्या नावांत हा इतिहास आजही वाचता येतो : केत्तूर नं. १, केत्तूर नं. २, वांगी नं. १, २, ३ आणि ४. एका पांढरीचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा मूळ नाव सोडायला तयार नव्हता. सरकारने क्रमांक दिले, लोकांनी नाव राखले. एसटीच्या पाटीवर हे आकडे वाचताना आपण एका गावाच्या विभाजनाची नोंद वाचत असतो.

१८/ नवा काठ नवे अर्थकारण घेऊन आला. जेथे ज्वारी आणि करडई होती, तेथे जलाशयातून उपसलेल्या पाण्यावर ऊस उभा राहिला. कंदर परिसरातील केळी परदेशी जाऊ लागली. भोई, कहार आणि कोळी समाजाने मासेमारी वाढवली. कटला, रोहू आणि चिलापी बाजारात आले. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर तात्पुरती पिके निघू लागली. भिगवण-कुंभारगाव परिसरात रोहित पक्षी उतरू लागले आणि पर्यटकही. समृद्धी आली हे नाकारता येणार नाही. परंतु पुण्याचे सांडपाणीही मुळा-मुठेतून याच जलाशयात येते, आणि त्याचा पहिला मार मासे व मच्छीमार सोसतात.

१९/ एक गोष्ट मात्र उलटी झाली. जेथे उन्हाळ्यात पायी नदी ओलांडता येत असे, तेथे आता बारमाही विस्तीर्ण पाणी आहे. कुगावहून समोरचे कळाशी डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून लोक बोटीने जातात. २१ मे २०२४ रोजी याच मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. शिरसोडी ते कुगाव असा पूल आता मंजूर झाला आहे. धरणाने तोडलेली वाट जोडायला चाळीसहून अधिक वर्षे लागली, हेही या धरणाच्या हिशेबात धरले पाहिजे.

२०/ आता मृतसाठ्याकडे वळू. सोलापुरात उन्हाळ्यात एक विलक्षण वाक्य सहज बोलले जाते : ‘उजनी उणे चाळीस टक्के.’ बाहेरच्या माणसाला हे कोडेच. उपयुक्त साठा संपला की पातळी शून्य मानतात आणि त्याखाली मृतसाठ्यातून जे पाणी जाते, ते उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात उणे टक्क्यांत मोजतात. पिण्यासाठी नदीत सोडलेले पाणी, काठावरचा उपसा आणि सोलापूरच्या उन्हातले बाष्पीभवन यांनी हा साठा उतरत जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता.

२१/ त्या उन्हाळ्यात पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले. कुगावच्या बाजूला इनामदार वाड्याचे अवशेष दिसू लागले. समाजमाध्यमांवर चित्रफितींचा पूर आला. आपल्यापैकी अनेकांनी त्या पाहिल्या असतील. पण पाहताना एक हिशेब मनात ठेवावा : मृतसाठा एवढा मोठा असल्यामुळे खोलवरच्या वास्तू साधारण वर्षी दिसतच नाहीत. त्या दिसतात तेव्हा खाली सोलापुरात नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येत असते. विस्थापितांना आपले गाव ज्या वर्षी भेटते, ते वर्ष बाकी सर्वांसाठी दुष्काळाचे असते.

२२/ त्या दिवसांत काठावर जाणाऱ्या इतिहासप्रेमींना एक विनंती. वीरगळ, मूर्तींचे तुकडे, जुन्या विटा, नाणी यांतले काहीही उचलून आणू नये. वस्तूचे स्थान हाच तिचा अर्धा पुरावा असतो. घरातल्या कपाटात ती मुकी होते. छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी, पाण्याची त्या दिवशीची पातळी लिहावी. चिखल फसवा असतो, त्यामुळे स्थानिक मच्छीमारांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२३/ आणि दगडांपेक्षा तातडीचे काम माणसांकडे आहे. १९७० च्या दशकात जे वीस-पंचवीस वर्षांचे होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. वेस कोणत्या दिशेला होती, उतार कोठे होता, कोणत्या डोहाला काय म्हणत, कोणत्या शेताचे नाव काय होते, कोणाची गल्ली कोणाशेजारी होती, हे १८८४ च्या गॅझेटियरच्या सोलापूर खंडात सापडणार नाही आणि भूसंपादनाच्या कागदांतही नाही. ते फक्त या वृद्धांच्या स्मरणात आहे. नकाशा काढायला कागद आणि पेन्सिल पुरते. आजोबांसमोर नदीची एक रेघ ओढून द्यावी. पुढचे गाव ते स्वतः मांडतात.

२४/ उजनी नको होती, असे या धाग्याचे म्हणणे नाही. ती नसती तर आजचे सोलापूर कसे असते, याची कल्पना करवत नाही. म्हणणे एवढेच, की त्या पाण्याची किंमत कोणी आणि कशी मोजली, हे पाणी पिणाऱ्यांना ठाऊक असावे. वाचकांपैकी कोणाचे मूळ गाव जलाशयात गेले असेल, तर जुन्या गावाचे नाव, तालुका, आणि आज कुटुंब कोठे आहे एवढे प्रतिसादात जरूर लिहा. सर्व नोंदी एकत्र करून पुढच्या धाग्यात गाववार यादी देण्याचा विचार आहे.

#उजनी #भीमाखोरे #करमाळा #सोलापूर #इतिहासधागा